परदेशात घर हलवताना मौल्यवान सामान कसं जपावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर एका देशातून दुसऱ्या देशात हलवताना लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांपासून आहे, अडचणीचे पुढे येतात. प्रत्येक गोष्ट एकदाच सांगितली आहे. ती दुसरीकडे लागली तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. बरीच उत्तरं फिरून सामानाच्या यादीपाशीच येतात, म्हणून हाताशी वेळ कमी असेल तर आधी प्रश्न ८ वाचा.

१. माझ्याकडे हिरे-माणकं नाहीत. मग 'मौल्यवान' म्हणून नक्की काय जपायचं?

घरातल्या वस्तूंचे दोन ढीग कल्पा. एका ढिगात पैसे दिले की पुन्हा मिळणाऱ्या वस्तू, दुसऱ्यात कितीही पैसे दिले तरी न मिळणाऱ्या. मोठा टीव्ही महाग असतो, पण तो दुकानात मिळतो. आईने लिहिलेली पत्रं, लग्नाच्या फोटोंच्या निगेटिव्ह, मुलाचं पहिलं चित्र यांना बाजारात शून्य किंमत आहे आणि नेमकी तीच गेली तर माणूस वर्षानुवर्षं हळहळतो. विमा वस्तूची किंमत देतो, वस्तू देत नाही. त्यामुळे पहिल्या ढिगाला चांगलं पॅकिंग, यादी आणि विमा पुरतो. दुसरा ढीग शक्यतो तुमच्याबरोबर प्रवास करतो, आणि नाहीच जमलं तर निदान त्याची प्रत काढून ठेवलेली असते.

२. कंटेनरमध्ये कोणत्या वस्तू अजिबात टाकू नयेत?

दागिने, रोख रक्कम, पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रं, जन्म-विवाहाचे दाखले, मालमत्तेचे मूळ कागद, रोजची औषधं, नाणी आणि तिकिटांचे संग्रह, हार्ड डिस्क. यातल्या बहुतेक वस्तूंची जबाबदारी मूव्हर (सामान हलवणाऱ्या कंपन्या) घेतच नाहीत आणि विम्यातही त्या वगळलेल्या असतात. शिवाय एकदा सील लागलं की पुढचे कित्येक आठवडे आतलं काही काढता येत नाही.

हार्ड डिस्कमधला डेटा तीन प्रतींमध्ये ठेवा आणि त्यातली एक प्रत प्रवासातल्या सामानाबाहेर, दुसऱ्या ठिकाणी असू द्या.

दागिने विमानाच्या चेक-इन बॅगेतही नकोत. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल करारानुसार सामानासाठी विमान कंपनीची जबाबदारी प्रवाशामागे १,५१९ एसडीआरपर्यंतच असते, आणि दागिने किंवा रोख चेक-इनमध्ये टाकू नका असं कंपन्यांच्या अटींमध्ये सहसा लिहिलेलं असतं. (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक, डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड या पाच चलनांवरून त्याचं मूल्य ठरतं.) दागिने हातातल्या बॅगेत ठेवा आणि मूल्यांकनाचा कागद व फोटो सोबत घ्या. मोठी रोख नेणार असाल तर दोन्ही देशांचे नियम पाहा. अमेरिकेत १०,००० डॉलरच्या वर आणि युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रक्कम असेल तर ती जाहीर करावीच लागते.

३. मूव्हिंग कंपनी विश्वासाची आहे हे कसं ओळखायचं?

आधी एक समजून घ्या. तुम्ही एका कंपनीशी बोलता, पण सामान साधारण तीन हातांतून जातं. इथे पॅक करणारी कंपनी, मधली जहाज कंपनी आणि तिकडे घरपोच करणारा एजंट. करार कोणाशी आहे, आणि तिकडच्या एजंटने काही फोडलं तर उत्तर कोण देणार, हे लेखी विचारा. 'आमचा माणूस बघून घेईल' हे उत्तर चालणार नाही. तिकडच्या एजंटचं नाव आणि पत्ता मागा.

'फिडी' ही आंतरराष्ट्रीय मूव्हर्सची संघटना १९५० पासून आहे. 'फेम' नावाच्या तिच्या दर्जासाठी सदस्य कंपन्यांची बाहेरच्या लेखापरीक्षकांकडून तपासणी होते. 'आयएएम' ही दुसरी संघटना १९६२ मध्ये सुरू झाली. कंपनीने स्वतःच्या पानावर चिकटवलेलं चिन्ह पुरावा म्हणून धरू नका; संघटनेच्या सदस्य यादीत कंपनीचं नाव स्वतः शोधा.

घर प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवर न पाहता फोनवर दर सांगणारी कंपनी मी तिथल्या तिथे सोडून देते. सामानाचं घनफळ न मोजता सांगितलेला दर नंतर वाढतोच, आणि तो वाढतो तेव्हा सामान त्यांच्या ताब्यात असतं (प्रश्न १८).

४. पूर्ण कंटेनर घ्यावा की वाटून घेतलेला?

मौल्यवान वस्तू जास्त असतील आणि परवडत असेल तर पूर्ण कंटेनर. २० फुटी कंटेनरची क्षमता साधारण ३३ घनमीटर असते, ४० फुटीची ६७ च्या आसपास. पूर्ण कंटेनर दारात भरून दारातच सील करता येतो, त्यामुळे मधली हाताळणी कमी होते. वाटणीच्या कंटेनरमध्ये सामान आधी गोदामात जातं, मग इतरांच्या सामानाबरोबर चढतं, तिकडे पुन्हा उतरून वेगळं केलं जातं. प्रत्येक चढ-उतारीला धोका थोडा वाढतो.

वाटणीचाच घ्यावा लागला तर लिफ्टव्हॅन (सामान भरून बंद करायची मोठी लाकडी पेटी) मागा आणि शक्य असेल तर ती तुमच्या दारात भरून बंद करायला सांगा. कोणताही पर्याय घ्या, सीलचा नंबर आणि कंटेनरचा नंबर (चार अक्षरं, सात अंक) फोटोसह टिपून ठेवा. कंटेनर घरी पोहोचल्यावर सील तोडण्याआधी नंबर जुळवा. नंबर वेगळा असेल तर कस्टम्सने तपासणी करून नवं सील लावलं असेल. त्याचा कागद मागा.

५. मूव्हर जबाबदार असतोच, मग वेगळा विमा कशाला?

कारण कायदेशीर जबाबदारी आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहतूकदाराच्या जबाबदारीला आंतरराष्ट्रीय नियमांनी कमाल मर्यादा घातली आहे. समुद्रमार्गे हेग-विस्बी नियम लागू असतील तर दर नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोला २ एसडीआर, यांपैकी जी रक्कम जास्त ती. अमेरिकेच्या सागरी कायद्यात हीच मर्यादा दर नगाला ५०० डॉलर आहे. हवाई मालासाठी २८ डिसेंबर २०२४ पासून दर किलोला २६ एसडीआर. म्हणजे दोन किलोची महागडी लेन्स हवाई मालातून हरवली तर तिचे जास्तीत जास्त ५२ एसडीआर.

यातली खरी मेख 'नग' या शब्दात आहे. बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजावर चढवल्याच्या पावतीवर) खोकी नगानुसार मोजून लिहिलेली असतील तर प्रत्येक खोकं एक नग. नुसतं 'एक कंटेनर, घरगुती सामान' लिहिलेलं असेल तर अख्खा कंटेनर एकच नग धरला जाऊ शकतो. तुमच्या कागदावर खोक्यांची संख्या आहे ना, हे सही करण्यापूर्वी बघा.

६. 'ऑल रिस्क' विमा घेतला. आता सगळं त्यात आलं ना?

नाही. नावावर जाऊ नका, वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. सहसा तिथे सापडतात त्या अशा: मालकाने स्वतः पॅक केलेली खोकी (प्रश्न ७), बाहेरून धक्का दिसत नसताना आतून बंद पडलेली विद्युत उपकरणं, वस्तूच्या अंगचा दोष, कसर आणि कीड, बुरशी, आणि प्रश्न २ मधल्या वस्तू. बुरशी किंवा उपकरणांसाठी जादा हप्ता भरून संरक्षण मिळतं का, ते विचारा.

'जोडी आणि संच' हे कलम हमखास नजरेतून सुटतं. सहा खुर्च्यांच्या संचातली एक मोडली आणि तशी खुर्ची आता कुठे बनत नसेल, तर साध्या पॉलिसीत एका खुर्चीचेच पैसे मिळतात. संच निरुपयोगी झाल्याची भरपाई हवी असेल तर वेगळं कलम लावून घ्यावं लागतं.

किंमत कमी लावून हप्ता वाचवू नका. सामानाची खरी किंमत १०० असताना तुम्ही ६० चा विमा उतरवला, तर १० च्या नुकसानीवर कंपनी ६ देऊ शकते. आणि किंमत म्हणजे तुम्ही कधीकाळी दिलेली नव्हे. बहुतेक पॉलिसींना नव्या देशात तीच वस्तू घ्यायला किती पडतील तो आकडा हवा असतो. महाग वस्तू एकेक करून वेगळ्या पानावर, किंमतीसह नोंदवा. त्या पानावर नसलेल्या वस्तूला ठरावीक रकमेच्या वर काही मिळत नाही, अशी अट अनेक पॉलिसींत असते.

७. नाजूक वस्तू मीच जपून पॅक करते. त्यात काय वाईट?

हेतू चांगला आहे, पण त्या खोक्यावर 'पीबीओ' असा शेरा पडतो, म्हणजे मालकाने पॅक केलेलं. आतली वस्तू फुटली तर बहुतेक पॉलिसी हात वर करतात. फार तर अख्खं खोकं हरवलं तर काही मिळतं. कस्टम्सच्या नजरेतही असं खोकं जास्त येतं, कारण आत काय आहे हे मूव्हर सांगू शकत नाही. फुटण्यासारखं सगळं त्यांना पॅक करू द्या आणि तुम्ही शेजारी उभ्या राहा.

८. सामानाची यादी इतकी महत्त्वाची का? ती तर मूव्हरच करतो.

माझ्या स्वतःच्या स्थलांतरात पॅकिंग दोन दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे सात वाजले होते, ट्रक दारात उभा होता, सगळे थकलेले. पॅकरने पानं पुढे केली आणि मी एकामागून एक सह्या केल्या. ११२ नंबरच्या खोक्यापुढे 'किरकोळ घरगुती सामान' एवढंच लिहिलं होतं. त्यात माझ्या वडिलांचा जुना फिल्म कॅमेरा आणि दोन लेन्स होत्या. खोकं पोहोचलं. वरची चिकटपट्टी मूळच्यापेक्षा वेगळ्या रंगाची होती, आत टॉवेल आणि पडदे होते, कॅमेरा नव्हता. नुकसान तपासायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरने एकच विचारलं, 'यादीत कुठे आहे?' मी सांगू शकले नाही. तो कॅमेरा विम्याच्या दृष्टीने कधी निघालाच नव्हता.

म्हणून यादी तयार होत असताना वाचायची, शेवटी नाही. दर तासाला पान बघा. 'किरकोळ' हा शब्द दिसला की तिथेच थांबवा आणि आतल्या मुख्य वस्तू लिहायला लावा. मात्र खोक्याच्या बाहेर 'कॅमेरा' किंवा 'चांदी' लिहू देऊ नका. बाहेर फक्त नंबर आणि खोली, तपशील फक्त यादीत.

यादीतली संक्षिप्त अक्षरंही समजून घ्या. अनेक कंपन्या 'एससी' म्हणजे ओरखडा, 'सीएच' म्हणजे टवका, 'बीआर' म्हणजे मोडलेलं अशी चिन्हं वापरतात. धडधाकट टेबलापुढे ही तिन्ही लिहून ठेवली असतील तर पुढे खरोखर झालेलं नुकसान 'आधीचंच' ठरतं. पटलं नाही तर त्याच ओळीत तुमचं मत लिहा आणि मग सही करा. 'एमसीयू' म्हणजे उपकरण चालतं की नाही माहीत नाही. त्यावर उपाय सोपा आहे: पॅकरसमोर उपकरण चालू करून त्याचा व्हिडिओ काढा.

स्वतःची यादी वेगळी ठेवा. वस्तू, मेक, सिरीयल नंबर, चार बाजूंचे फोटो, पावती असेल तर पावती. आधीचा टवका असेल तर त्याचा जवळून फोटो. विम्याची यादी आणि कस्टम्सची यादी यांच्या किंमती एकमेकींशी जुळल्या पाहिजेत. कस्टम्सला कमी आणि विम्याला जास्त सांगितलं तर दोन्हीकडे अडकाल.

९. पॅकिंगच्या दिवशी कोणती चूक सगळ्यात जास्त होते?

पासपोर्ट आणि विमानाची तिकिटं पॅक होतात. पॅकर भराभर काम करतात, टेबलावर दिसेल ते खोक्यात जातं. आदल्या रात्रीच एक खोली किंवा न्हाणीघर रिकामं करा, बरोबर न्यायचं सगळं तिथे ठेवा, दाराला कुलूप लावा आणि दारावर चिकटपट्टीची मोठी फुली मारा. पॅकर जितक्या खोल्यांत काम करणार तितकी तुमची माणसं घरात हवीत. एकट्या असाल तर एका वेळी एकच खोली उघडा.

१०. चित्रं, आरसे आणि काचेच्या वस्तू कशा बांधून घ्यायच्या?

रंगवलेल्या कॅनव्हासला बबल रॅप थेट लागू देऊ नका. उष्णतेत त्या फुग्यांचे गोल ठसे वॉर्निशवर कायमचे उमटतात. आधी ग्लासीनसारखा गुळगुळीत कागद, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे संरक्षक, मग बबल रॅप, तोही फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून. काचेच्या फ्रेमवर कागदी चिकटपट्टीची फुली मारली की काच तडकली तरी तुकडे चित्रावर कोसळत नाहीत. चित्रं आणि आरसे उभेच प्रवास करतात. मोलाच्या चित्राला मापाचा क्रेट (लाकडी पेटी) करून घ्या.

ताटल्याही उभ्या ठेवायच्या, आडव्या रचायच्या नाहीत. बंद केलेलं खोकं हलकेच हलवून बघा. आतून खुळखुळ ऐकू आली तर ते पुन्हा उघडा.

११. घड्याळ, पियानो, संगणक यांचं काय?

जुन्या लंबकाच्या घड्याळातून लंबक आणि वजनं काढून वेगळी गुंडाळा. ती आत राहिली तर घड्याळ स्वतःच स्वतःला आतून फोडतं. रेकॉर्ड प्लेअरची दांडी बांधा, वॉशिंग मशिनचे ट्रान्झिट बोल्ट (आतला ड्रम हलू न देणारे) लावा, टीव्ही उभाच ठेवा. फर्निचरचे स्क्रू एका डब्यात, त्यावर वस्तूचं नाव, आणि त्या डब्याला यादीत स्वतंत्र नंबर.

पियानोसाठी वेगळा क्रेट आणि पियानो हलवण्याचा अनुभव असलेली माणसं मागा. नव्या घरी तो काही आठवडे तिथल्या हवेत रुळू द्या आणि मगच सूर लावा.

सुट्या लिथियम बॅटऱ्या विमानात फक्त हातातल्या बॅगेत चालतात. १०० वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते; १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते.

१२. समुद्रप्रवासात बुरशी लागते असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. दिवसा कंटेनर तापतो, रात्री पत्रा गार होतो, आतल्या हवेतलं बाष्प छताला थेंब होऊन लागतं आणि खाली टपकतं. या व्यवसायातली माणसं त्याला 'कंटेनरमधला पाऊस' म्हणतात. त्यात एकही थेंब समुद्राचा नसतो. ओलावा लाकूड, पुठ्ठा आणि कपड्यांमधूनच आलेला असतो. म्हणून नुकतं धुतलेलं, ओलसर असं काही भरू नका. फ्रिज आणि वॉशिंग मशिन काही दिवस आधी कोरडे करा. कंटेनरमध्ये कॅल्शियम क्लोराइडच्या शोषक पट्ट्या टांगून घ्या. कॅमेरा, पुस्तकं, चामडं यांच्या खोक्यात सिलिका जेल ठेवा. लाकडी फर्निचर प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळू नका, ओलावा आत कोंडतो. जाड कागदी पॅड वापरायला सांगा.

१३. आजीची हस्तिदंती पेटी, जुनी मूर्ती, रोजवुडचं वाद्य नेता येईल का?

वस्तू तुमची वडिलोपार्जित आहे, एवढं सीमेवर पुरत नाही. वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइटिस करार १९७५ पासून लागू आहे. हस्तिदंत, कासवाच्या पाठीचं कवच, काही जातींचं लाकूड त्यात येतं. जुन्या पियानोच्या हस्तिदंती पट्ट्याही. परवान्याशिवाय निघालेली वस्तू जप्त होते आणि त्या नुकसानीला विमा लागू होत नाही. रोजवुडच्या बहुतेक जातींच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, पण ब्राझिलियन रोजवुड त्या सवलतीत नाही. परवाने मिळायला वेळ लागतो, चौकशी काही महिने आधी करा.

पुरातन वस्तूंसाठी १९७० चा युनेस्को करार आणि त्या त्या देशाचा कायदा आहे. वस्तू जुनी दिसते पण पुरातन नाही, असं असेल तर तसं अधिकृत प्रमाणपत्र आधीच घ्या.

क्रेटच्या लाकडालाही नियम आहे. आयएसपीएम १५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे घन लाकूड सहसा गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवून त्यावर शिक्का मारलेला असावा लागतो. शिक्का नसेल तर बंदरात धुरी देतात, कधी परतही पाठवतात. धुरीला मिथाइल ब्रोमाइड वापरलं तर लोकर, चामडं, फर आणि रबर यांना न जाणारा दुर्गंध येऊ शकतो. एका बिनशिक्क्याच्या क्रेटपायी पूर्ण सामानाला हे भोगावं लागतं.

१४. कस्टम्सने खोकी उघडली आणि त्यात काही फुटलं तर?

कस्टम्सकडून भरपाई मिळण्याची आशा धरू नका. तपासणीत झालेलं नुकसान तुमच्या पॉलिसीत येतं का, ते आधीच लेखी विचारा. तपासणी टाळण्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे स्वच्छ, तपशीलवार यादी (प्रश्न ८) आणि कमीत कमी पीबीओ खोकी. बागेची अवजारं, सायकल, तंबू, बूट यांवरची माती घासून काढा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत.

१५. माझं सामान सुखरूप आहे, तरी जहाज कंपनी पैसे मागते. हा काय प्रकार?

याला 'जनरल अ‍ॅव्हरेज' म्हणतात. जहाज आणि माल वाचवण्यासाठी मुद्दाम खर्च किंवा नुकसान करावं लागलं तर त्याचा बोजा जहाजावरच्या सगळ्यांनी मालाच्या किंमतीप्रमाणे उचलायचा, असा फार जुना सागरी नियम आहे. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात अडकलं, त्यानंतर हेच जाहीर झालं. २०१८ मध्ये 'मर्स्क होनाम' या जहाजाला आग लागल्यावर बचावकार्य आणि जनरल अ‍ॅव्हरेज मिळून मालाच्या किंमतीच्या ५४ टक्के हमी मागितली गेली होती. हमी दिल्याशिवाय सामान सुटत नाही. चांगल्या सागरी विम्यात ही हमी विमा कंपनी देते. 'जनरल अ‍ॅव्हरेज' हे शब्द पॉलिसीत आहेत का ते बघा. विमा नसेल तर रक्कम तुम्हाला स्वतः भरावी लागते.

१६. नवं घर तयार नाही. सामान तिकडच्या गोदामात राहिलं तर विमा चालू राहतो का?

ठरावीक दिवसांपुरताच. तारीख उलटण्याआधी मुदतवाढ लेखी घ्या. बंदराबाहेरचं गोदाम आहे का, कोरडं आहे का, लिफ्टव्हॅन बंदच राहणार का, हेही विचारा.

१७. सामान पोहोचलं. सही कधी करायची? आणि महिनाभराने फुटलेलं सापडलं तर?

दारात यादी हातात घेऊन उभं राहा आणि प्रत्येक नंबर आत येताना खूण करा. हे काम दुसऱ्या कोणावर सोडू नका. दबलेलं, ओलं, पुन्हा चिकटवलेलं खोकं दिसलं की त्यांच्यासमोर उघडा. सहीपूर्वी पावतीवर नेमकं लिहा: 'खोकं ४७ आलं नाही', 'खोकं ६३ चा कोपरा दबलेला'. उघडून न पाहिलेल्या खोक्यांबद्दल 'आतली तपासणी बाकी' असं लिहायला विसरू नका.

फुटलेली वस्तू, खोकं आणि आतलं पॅकिंग, तिन्ही सर्व्हेअर येईपर्यंत ठेवा. उत्साहाने घर आवरताना खोकी फेकली की अर्धा पुरावा गेला.

मुदती लहान असतात. हेग-विस्बीत बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची सूचना तीन दिवसांत आणि कोर्टातला दावा एका वर्षात करायचा असतो. हवाई मालासाठी तक्रार १४ दिवसांत, दावा दोन वर्षांत. विमा कंपनीची मुदत वेगळी असते, ती पॉलिसीत पाहा. त्यामुळे मौल्यवान वस्तूंची खोकी पहिल्या दोन दिवसांत उघडा, पुस्तकं आणि पडदे नंतर. महिन्याने सापडलं तरी त्याच दिवशी ईमेल करा. 'तपासणी बाकी' लिहिलेलं असेल तर बाजू टिकते.

१८. सामान बंदरात आलं आणि कंपनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे मागते. काय करू?

आधी करार काढा आणि दरात काय काय होतं ते पाहा. तिकडच्या बंदराचे शुल्क, कस्टम्सचं काम, लहान गाडीने घरापर्यंत आणणं, जिने, खोकी उघडणं, कचरा नेणं; 'डोअर टू डोअर' म्हटलं तरी यातलं काही वगळलेलं असू शकतं. वगळलेलं असेल तर मागणी बरोबर आहे. नसेल तर कलमाचा हवाला देऊन लेखी उत्तर द्या.

मग बिल ऑफ लेडिंगची प्रत मागा. जहाज कंपनीने दिलेलं मास्टर बिल आणि मूव्हरने तुम्हाला दिलेलं हाउस बिल वेगवेगळे असतात. इथल्या कंपनीने जहाजाचं भाडं भरलंच नाही, म्हणून माल अडला असंही होतं. मास्टर बिलाचा नंबर मिळाला तर जहाज कंपनीकडे थेट चौकशी करता येते. सोबत, मूव्हर ज्या संघटनेचा सदस्य आहे तिच्याकडे तक्रार करा. अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या सागरी घरगुती मालासाठी फेडरल मेरिटाइम कमिशन हे तिथलं सरकारी मंडळ तक्रारी घेतं.

हे सगळं करताना बंदरात उभ्या कंटेनरचं भाडं रोज वाढत असतं. मागणी वादाची आणि रक्कम झेपणारी असेल, तर पावतीवर 'आक्षेप राखून भरले' असं लिहून पैसे भरा, सामान सोडवा आणि भांडण घरात बसून चालवा.